‘नागालँड फॉर क्राइस्ट’ म्हणजे नेमकं काय? भावाची बदली दिमापूरला झालीय

मीनल_सातारा

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ विमा कंपनीत आहे. गेल्या आठवड्यात बदलीची ऑर्डर हातात पडली, दिमापूर. पुढच्या महिन्यात पाच तारखेला हजर व्हायचंय. तेव्हापासून घरात नुसती घालमेल चाललीय. आईने देव पाण्यात ठेवलेत. त्यात कुणीतरी तिला मोबाइलवर एक फोटो पाठवला. डोंगरातल्या रस्त्यावर फलक, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘नागालँड फॉर क्राइस्ट’. खाली मराठीत लिहिलंय की तिथे ख्रिस्ती राष्ट्र उभं करायचं चाललंय आणि बाहेरच्या हिंदूला थारा नाही. आई नीट जेवतसुद्धा नाहीये.

मला खरंच समजून घ्यायचंय. ही घोषणा कुणाची? त्यांना धर्मासाठीच वेगळा देश हवाय का? भाऊ रोज सकाळी अथर्वशीर्ष म्हणतो, छोटी गणपतीची मूर्ती कायम त्याच्या बॅगेत असते. ती न्यावी की नाही इथपर्यंत घरात बोलणं आलंय. तिथे राहिलेलं कुणी असेल तर लिहा. ऐकीव नको.

कृष्णाकाठ

मी तिथे राहिलेलो नाही, हे आधी सांगतो. पण ईशान्येबद्दल बरीच वर्षं वाचतोय. १८७२ साली अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी एडवर्ड क्लार्क आओ नागांच्या डोंगरात पोहोचला. २०११च्या जनगणनेत राज्यात ८७.९३ टक्के लोक ख्रिस्ती. एनएससीएन ही सशस्त्र नागा संघटना १९८० साली निघाली आणि तिच्या जाहीरनाम्यातच ‘नागालँड फॉर क्राइस्ट’ आहे. आधी धर्म बदलला, मग देश वेगळा मागितला. मला तरी यात गुंतागुंतीचं काही दिसत नाही. भावाने मूर्ती जरूर न्यावी, पण जपून राहावं.

पेरेनचा_पाहुणा

मीनलताई, मी तिथे साडेतीन वर्षं काढली. १९९६च्या फेब्रुवारीत बँकेने कोहिमाला पाठवलं, १९९९च्या पावसाळ्यात परत आलो. आणि मी ख्रिस्ती आहे, अहमदनगरचा. आमच्याकडे अमेरिकन मिशन १८३१ला आलं, आमचं घर चौथ्या पिढीपासून चर्चमध्ये. हे आधीच सांगतोय, कारण या घोषणेबद्दल मला तटस्थपणे बोलता येत नाही. त्या लोकांवर माझा जीव आहे आणि ज्याचं नाव त्या फलकावर लिहिलंय त्याच्यावरही.

कृष्णाकाठ यांचे आकडे बरोबर आहेत, क्रम मात्र उलटा लागलाय. १० जानेवारी १९२९ला सायमन कमिशन कोहिमाला गेलं होतं. तेव्हा नागा क्लब या नागांच्या संघटनेच्या लोकांनी त्यांना एक निवेदन दिलं. त्यात म्हणणं असं, की तुम्ही इंग्रज जाणार असाल तर आम्हाला दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका, आमचं आम्हाला पूर्वीसारखं बघू द्या. कारणं काय दिली? आमचं मैदानातल्या लोकांशी नातं नाही, हिंदू आम्हाला गोमांसासाठी हलकं समजतात आणि मुसलमान डुकराच्या मांसासाठी. ख्रिस्ताचं राज्य हवं असं त्यात कुठेही नाही. मग १४ ऑगस्ट १९४७ला, आपल्या स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, नागा नॅशनल कौन्सिलने आपलं स्वातंत्र्य जाहीर केलं. १६ मे १९५१ला कौन्सिलचे नेते फिझो यांनी त्याच स्वातंत्र्यावर सार्वमत सुरू केलं, गावोगाव लोकांचे अंगठे घेतले. आता त्याच वर्षीची जनगणना बघा. नागा डोंगरांत ख्रिस्ती होते ४६ टक्के. म्हणजे अंगठे उठत होते तेव्हा निम्म्याहून जास्त माणसं वाडवडिलांचेच देव पूजत होती.

१९८१ला हाच आकडा ८० टक्क्यांवर गेला. परदेशी मिशनरी तर पन्नासच्या दशकातच तिथून गेले होते. मधल्या तीस वर्षांत डोंगरात फौज होती, फौजेला जादा अधिकार देणारा १९५८चा कायदा होता, जळालेली गावं होती. धर्म वाढला तो त्या काळात, आणि वाढवला तो त्यांच्याच प्रचारकांनी.

हे मला पुस्तकात कळलं नाही. माझे घरमालक अंगामी जमातीचे नागा होते, चर्चमध्ये डीकन, म्हणजे सेवेकरी. त्यांच्या स्वयंपाकघरात मधोमध चूल, वर बांबूच्या मांडवावर मांस धुराला टांगलेलं, त्याच्या चरबीचा थेंब अधूनमधून निखाऱ्यावर पडून चर्र व्हायचा. थंडीत आम्ही तिथेच बसायचो, गाल्हो खात. गाल्हो म्हणजे त्यांची पातळ आसट खिचडीच म्हणा, पालेभाजी आणि मांस घातलेली. एकदा मी धीर करून विचारलं. म्हटलं, प्रभू येशू तर रोमन सुभेदार पिलाताला म्हणाला, माझे राज्य ह्या जगाचे नाही. मग तुमचे लोक त्याच्या नावाने जमिनीवर राज्य कसं मागतात?

ते बराच वेळ चूल सारखी करत राहिले. मग त्यांनी १९५७ची गोष्ट सांगितली. ते आठ-नऊ वर्षांचे होते. गाव जळलं, सगळे जंगलात पळाले. आईच्या पाठीवरच्या टोपलीत तांदूळ आणि मीठ, आणि वडिलांनी घेतलं ते अंगामीतलं गीतांचं पुस्तक, मेणकापडात बांधून. पावसाळाभर जंगलात होते. रविवारी आवाज न करता प्रार्थना व्हायची, गाणी ओठातल्या ओठात. गावात तोवर निम्मी घरं ख्रिस्ती नव्हती. जंगलातून परत आली तेव्हा बहुतेक सगळी झालेली होती. ओढ्यातच बाप्तिस्मे झाले. फौजेतली माणसं त्यांना आधी हिंदू म्हणून दिसली, भारतीय म्हणून नंतर. मला म्हणाले, तू ख्रिस्ती आहेस आणि तरी भारतीय आहेस, हे आमच्या आईला शेवटपर्यंत पटलं नसतं.

मी पुढे काही विचारलं नाही.

घोषणा आली ती या सगळ्यानंतर. भारत सरकारशी झालेल्या १९७५च्या शिलाँग कराराने काहींनी शस्त्रं खाली ठेवली, ज्यांना ती गद्दारी वाटली त्यांनी, इसाक स्वू, मुइवा आणि खापलांग यांनी, ३१ जानेवारी १९८०ला एनएससीएन काढली. मुइवा तर १९६६ला शंभराहून जास्त माणसं घेऊन चालत चीनला गेलेला माणूस. म्हणून त्या जाहीरनाम्यात समाजवाद आणि ख्रिस्त शेजारीशेजारी आहेत. आणि ख्रिस्ताच्या वाक्याला लागूनच दुसरं वाक्य आहे, की प्रत्येकाचं धर्मस्वातंत्र्य राखलं जाईल आणि हा विश्वास कुणावर लादायला सक्त मनाई आहे. फलकावर पहिलं वाक्य येतं, दुसरं येत नाही.

मला उमगलं ते एवढंच. नागांच्या जमाती अनेक. आओची भाषा अंगामीला कळत नाही, अंगामीची कोन्याकला नाही, तांगखुल तर मणिपूरचे. दोन पिढ्यांपूर्वी गावं एकमेकांची मुंडकी आणत होती. या सगळ्यांच्या घरात सारखी असलेली वस्तू एकच, आपापल्या भाषेतलं बायबल. बांधायला दोरी हवी होती, ती ही मिळाली. मागणी जमिनीची आणि ओळखीची, नाव ख्रिस्ताचं.

आणि हे नाव वापरून पुढे काय झालं ते सांगतो. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याच्या खणात मी पावती पाहिली. कार्बन लावून फाडलेली, फिकट गुलाबी. वर भूमिगत ‘सरकारचं’ चिन्ह, त्याखाली ‘नागालँड फॉर क्राइस्ट’, त्याखाली टॅक्सची रक्कम आणि सही. नोकरदाराच्या पगारातून ठरलेला वाटा जायचा. दुसऱ्या महिन्यात दुसऱ्या गटाची पावती, तीच घोषणा. १९८८ला संघटना फुटली होती आणि दोन्ही गट एकमेकांची माणसं मारत होते. एका रविवारी मी एका तरुण पोराच्या अंत्यविधीला होतो, मारणाराही नागा, तोही बॅप्टिस्ट. लहानपणापासून ज्या नावाने जेवणाआधी हात जोडले ते नाव खंडणीच्या कागदावर छापलेलं बघून मला रडू आलं होतं. आजही लिहिताना त्रास होतो.

पण चर्च म्हणजेच बंदूकवाले असं समजू नका, हे मी हात जोडून सांगतो. १९६४च्या सुरुवातीला वोखाच्या बॅप्टिस्ट अधिवेशनात चर्चनेच शांतता मंडळाची मागणी केली. त्यातून जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री चलिहा आणि इंग्रज पाद्री रेव्हरंड मायकेल स्कॉट तिथे गेले, सप्टेंबरात युद्धबंदी झाली. पुढे २००८ला चर्चच्याच पुढाकाराने फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन उभं राहिलं, एकमेकांच्या जिवावर उठलेल्यांना त्यांनी एका टेबलाशी बसवलं. आणि १ ऑगस्ट १९९७ची युद्धबंदी मी स्वतः अनुभवली. कोहिमात चार-साडेचारला दुकानं बंद व्हायची. त्या आठवड्यात एका संध्याकाळी सात वाजता आमच्या गल्लीतलं किराणा दुकान उघडं होतं आणि मालकीणबाई पायरीवर बसून पोरीची वेणी घालत होत्या. मी काही घ्यायचं नसताना दोन मेणबत्त्या घेतल्या.

आईंना सांगा, दिमापुरात मारवाडी, बिहारी, बंगाली पिढ्यान्पिढ्या आहेत. कालीबाडी आहे, दुर्गापूजा होते. माझ्या साडेतीन वर्षांत हिंदू म्हणून कुणाला हात लागलेला मी पाहिला नाही. पैशाचा त्रास होतो, तो सगळ्यांनाच होतो.

फौजीची_लेक

पाहुणेकाका, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. माझे बाबा पायदळात होते, सत्तरच्या सुमारास दोन वर्षं नागा डोंगरांत. कोकणातला माणूस, पावसाची सवय, तरी म्हणायचे की तिथला पाऊस माणसाला एकटं पाडतो. त्यांच्या तुकडीतला एक जण गस्तीवर गेला तो परत आला नाही. बाबा त्याबद्दल फार बोलत नसत. पण शत्रू ख्रिस्ती होता असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. जखमी जवानाला एका पाद्र्याने रात्रभर ठेवून घेतलं होतं, हे मात्र ते दर नाताळात सांगायचे.

डिसेंबर २०२१ला मोन जिल्ह्यात ओटिंगला कोळसा खाणीतून घरी निघालेल्या मजुरांवर चुकून गोळीबार झाला, त्यानंतरच्या संतापात आणखी माणसं गेली, एक जवानही गेला. बाबा तेव्हा ऐंशीच्या पुढचे. टीव्ही बंद करायला सांगून देवापाशी जाऊन बसले. फौजीच्या मुलीने असं लिहू नये असं कुणाला वाटेल, पण तुमच्या घरमालकांची जंगलातली गोष्ट वाचून मला त्या दिवशीचे बाबा आठवले.

कृष्णाकाठ

क्रमाबद्दलची चूक मान्य. १९५१चा आकडा मी कधी तसा लावून पाहिला नव्हता.

पण एक प्रश्न सोडवत नाही. त्रिपुरात एनएलएफटी या सशस्त्र संघटनेने ख्रिस्ताच्या नावाने जनजातीय गावांत दुर्गापूजा बंद करायचे फतवे काढले, ऑगस्ट २०००मध्ये शांतिकाली महाराजांना त्यांच्या आश्रमात घुसून मारलं. ते हिंदू साधू होते, आदिवासींच्या मुलांसाठी आश्रम चालवत होते. आणि नागांमध्येसुद्धा जे ख्रिस्ती झाले नाहीत त्यांचं काय झालं? इंग्रजांशी लढलेल्या नागा पुढारी राणी गाइदिन्ल्यूंना भूमिगत का व्हावं लागलं? लादायला मनाई हे वाक्य कागदावर असेल, पण ज्या गावात नव्वद टक्के एका बाजूला असतील तिथे उरलेल्या दहांना त्या फलकाकडे बघून काय वाटतं?

पेरेनचा_पाहुणा

कृष्णाकाठ, त्रिपुराचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी त्याचा बचाव करणार नाही, कुठल्याही ख्रिस्ती माणसाने करू नये.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या या टोपणनावातच आहे. आमच्या शाखेतला शिपाई झेलियांग जमातीचा, पेरेन भागातला, आणि हेराका पंथाचा, म्हणजे वाडवडिलांचा धर्म पाळणारा. राणी गाइदिन्ल्यू म्हणजे त्याच्या घरातल्या आजीसारख्याच. राणींच्या गुरूंना, जादोनांग यांना, इंग्रजांनी १९३१ला इंफाळमध्ये फाशी दिली. राणी तेव्हा कोवळ्या मुलगी होत्या, पुढे १९४७पर्यंत तुरुंगात. आणि स्वतंत्र भारतात १९६०ला त्या पुन्हा जंगलात गेल्या त्या इंग्रजांविरुद्ध नाही, फिझोंच्या लोकांविरुद्ध. नागा म्हणजे ख्रिस्तीच असं समीकरण त्यांना मान्य नव्हतं, शिवाय आपल्या झेलियांगरोंग लोकांचा, म्हणजे झेलियांग आणि त्यांच्या भाऊबंद जमातींचा, वेगळा प्रदेश हवा होता. १९६६ला बाहेर आल्या. शिपायाचं म्हणणं, त्या वर्षांत त्याच्या वडिलांचं धान्याचं कोठार जाळलं ते नागांनीच.

एका शनिवारी त्याने मला घरी नेलं. जीपने गेलो. वाटेत एका वळणावर दगडी भिंतीवर चुन्याने तीच घोषणा रंगवलेली होती. माझ्या शेजारी बसलेला हा माणूस इतका वेळ गावाबद्दल, मिथुन नावाच्या बैलाएवढ्या जनावरांबद्दल बोलत होता. भिंत जवळ आली तसा तो गप्प झाला आणि दुसऱ्या बाजूला दरीकडे बघत राहिला. वळण गेल्यावर पुन्हा बोलायला लागला. मी साडेतीन वर्षांत ती घोषणा शंभरदा वाचली असेल, पण ती कशी दिसते हे मला त्या दिवशी कळलं.

रात्री त्यांच्या प्रार्थनाघरात त्याच्या आईने त्यांच्या देवाची, तिंगवांगची प्रार्थना म्हटली. मग मला म्हणाली, तूही तुझ्या देवाचं काही म्हण. मी आमच्या नगरच्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर म्हणतो ते एक मराठी भजन म्हटलं, टाळ्यांच्या ठेक्यावर. गंमत बघा, हेच भजन कोहिमाच्या चर्चमध्ये म्हटलं होतं तेव्हा एका पोराने विचारलं होतं, हे हिंदू गाणं का? त्या म्हातारीने असं काही विचारलं नाही. तिला चाल आवडली, दोनदा म्हणायला लावलं.

शिपायाला मी सकाळी विचारलं, की उद्या खरंच यांचं राज्य आलं तर तू त्यात कुठे असशील? तो म्हणाला, साहेब, ही जमीन आजोबांची आहे, नागा मीही आहे, मला घालवायचं तर आधी मला नागा नाही असं म्हणावं लागेल, आणि ते तसं म्हणायला लागलेत. तुम्हाला हवं ते उत्तर हेच आहे, कृष्णाकाठ. फलक तुमच्या-माझ्यासाठी नव्हता. त्याचा घाव बसला तो त्याला.

म्हणून मीनलताईंच्या प्रश्नाला मी हो किंवा नाही म्हणू शकत नाही. मागणी धर्मातून निघाली नाही. पण एकदा धर्माचं नाव दिल्यावर घरातलेच काही जण घराबाहेर पडले.

मीनल_सातारा

काका, आईला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. वेणी घालणाऱ्या बाईंपाशी ती म्हणाली, पुन्हा वाच.

आता जरा साधे प्रश्न विचारते. गणपती न्यायचा ना? आणि ती पावती घेऊन कुणी भावाकडे आलं तर त्याने काय करायचं? परमिट लागतं म्हणतात, ते कुठे?

पेरेनचा_पाहुणा

गणपती न्यायचाच. माझ्या वेळचा आमचा एक कॅशिअर तमिळ होता, टेबलाच्या काचेखाली मुरुगनचा फोटो ठेवायचा. नाताळात त्याच्या टेबलाला सगळ्यांत जास्त केक यायचा.

परमिटचं बदललंय. माझ्या वेळी दिमापूर मोकळं होतं, पुढे चुमुकेदिमाच्या नाक्यावर इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना लागणारा प्रवेश परवाना, बघायचे. डिसेंबर २०१९पासून दिमापूर जिल्ह्यालाही ते लागू झालं. ऑफिस पत्र देईल, ऑनलाइन अर्जही होतो, निघण्याआधी हातात असू दे.

पैशाचं नीट ऐका. कुणी आलं तर वाद घालायचा नाही, धर्मावर तर अजिबात नाही, आणि परस्पर पैसेही द्यायचे नाहीत. मॅनेजरकडे पाठवायचं. दिमापूरचे लोक स्वतःच याविरुद्ध २०१३ला हजारोंनी रस्त्यावर उतरले होते. ‘एक सरकार, एक टॅक्स’ ही त्यांची मागणी. म्हणजे स्थानिक माणूस तुमच्या भावाच्याच बाजूचा आहे.

रविवारी दुकानं बंद असतात, दूध-भाजी शनिवारीच आणायची. दारूबंदी आहे, १९८९चा कायदा, कुणी आडून देऊ केली तर नको म्हणायचं. अखुनी नावाची आंबवलेल्या सोयाबीनची चटणी मिळते, वासाला घाबरू नये, भाकरीशी फार छान लागते.

आणि एक काम करून टाकलंय, तुम्हाला न विचारता, म्हणून माफ करा. तो शिपाई आता निवृत्त होऊन गावी असतो, पण त्याचा थोरला मुलगा दिमापुरातच असतो, गाड्यांचे सुटे भाग विकतो. आज सकाळी त्याला फोन केला. तो म्हणाला, अंकल, गाडी कुठली आणि किती वाजता पोहोचते तेवढं कळवा, मी स्टेशनवर येतो. आईंना सांगा, मुलगा उतरेल तेव्हा तिथे आपलं माणूस उभं असेल.